गडावरच्या खोलीचे २५,३३२ रुपये

आधी आकडा सांगून टाकतो, कारण आईला तो अजून माहीत नाही. ४,८०० अधिक २,१०० अधिक १८,४३२. एकूण २५,३३२ रुपये. खोली मिळाली नाही, पास मिळाला तो खोटा, आणि मी एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून लोकांना सावध करत आलेला माणूस. हसा खुशाल.

मुलाचं लग्न झालं तेव्हाच आईनं ठरवून टाकलं होतं की नवीन जोडप्याला नवरात्रात सप्तशृंगगडावर न्यायचं, कुलदेवीची ओटी भरायची. आई ७९ वर्षांची. २०१८ पासून वर जायला फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, त्यामुळे पाचशेच्या आसपास पायऱ्यांची धास्ती नव्हती. धास्ती मुक्कामाची. नवरात्रात गडावर खोली मिळणं म्हणजे काय, ते जाणारेच जाणतात. मोबाइलच्या नकाशात ‘भक्तनिवास’ शोधलं आणि वर दिसला तो नंबर लावला. दोन रिंगमध्ये उचलला. नवरात्रात भक्तनिवासाचा फोन दोन रिंगमध्ये?

“जय माता दी, बताइए.”

चाळीस वर्षं गडावर जातोय. तिथल्या एकाही माणसाच्या तोंडून ‘जय माता दी’ ऐकलेलं नाही. पण हल्ली सगळीकडेच फोनवर हिंदी बोलतात, म्हणून सोडून दिलं. दोन खोल्या, दोन रात्री, खोलीला १,२००. पूर्ण ४,८०० आगाऊ. क्यूआर कोड आला, स्कॅन केला, तर स्क्रीनवर नाव संस्थेचं नाही, कुणा एका माणसाचं. मी विचारलं, अगदीच बावळट नाही मी. म्हणाला, “खजांची साहब का खाता है, ट्रस्ट के खाते की आज की लिमिट हो गई.” पटलं. आमच्या गल्लीतल्या मंडळाची वर्गणीसुद्धा खजिनदाराच्याच नंबरवर जाते की! तुम्ही मात्र ते नाव वाचा, पिनच्या आधी वाचा, आणि ते संस्थेचं नसेल तर तिथेच थांबा.

पैसे गेल्यावर त्यानं विचारलं, “गाडी से आ रहे हो? सीधा ऊपर ले आना, रूम के सामने पार्किंग है.”

आणि मी त्याला शिकवलं. “अहो, नवरात्रात खासगी गाड्या पायथ्याला, नांदुरीलाच थांबवतात. वर एसटीनं जावं लागतं.”

तो गप्प. दोन सेकंद. मग म्हणाला, “आपके लिए व्हीआयपी पास निकाल देते हैं. २,१०० लगेगा.”

ते दोन सेकंद मला अजून झोपू देत नाहीत. गडावर भक्तनिवास सांभाळणाऱ्या माणसाला नांदुरीची गोष्ट माझ्याकडून कळावी? फोन तिथेच ठेवायला हवा होता. पण मला संशय नाही आला, हाव सुटली. आईचे गुडघे हे कारण खरंच आहे, पण खोटं कशाला बोलू, व्याही बरोबर येणार होते आणि त्यांच्यासमोर गाडी थेट वर न्यायची मिजासही होती. भरले २,१००.

पास व्हॉट्सॲपवर आला. कोपऱ्यात गोल शिक्का, मध्ये देवीचं चित्र. सूनबाईनं हातात घेऊन पाहिलं. “बाबा, ही आपली देवी वाटत नाही.” वाघावर बसलेली, आठ हातांची. आपली सप्तशृंगी उभी आहे, अठरा हातांची, मान एका बाजूला कललेली. तिला नेसवायला अकरा वार साडी लागते, आणि ती अकरा वार साडी आमच्या कपाटात घडी करून ठेवलेली होती! मी काय म्हणालो? “अगं, छापणारे मिळेल ते चित्र टाकतात.” चष्मा लावून रक्कम तपासली, तारीख तपासली. देवी नाही तपासली. लग्न होऊन चार महिने झालेल्या मुलीला दिसलं ते मला दिसलं नाही.

पाचव्या माळेला नांदुरीला पोचलो. बंदोबस्तावरच्या हवालदारानं मोबाइल बघितला आणि म्हणाला, “काका, असा पास नसतोच. गाडी लावा आणि एसटी धरा.” त्याची काही चूक नाही. मी तिथूनच नंबर लावला. तिकडचा आवाज एकदम काळजीचा. एंट्री झाली नाही, सगळे पैसे परत देतो, आत्ता. “अमाउंट की जगह रिफंड कोड डालो, एक-आठ-चार-तीन-दो.”

टाकला. पिनही टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे वाक्य शाखेच्या फलकावर मी माझ्या हातानं लिहिलेलं आहे. पण मागे हॉर्न वाजतायत, उन्हात आई, व्याही खिडकीतून बघतायत, आणि कानात एकजण सांगतोय की लवकर करा, कोड संपेल. घाई कोण करतंय, एवढं जरी त्या वेळी सुचलं असतं.

दर्शन चांगलं झालं, ओटी भरली. खऱ्या भक्तनिवासाच्या खिडकीवरच्या मुलानं माझा मोबाइल पाहून सांगितलं, “आज तुम्ही तिसरे.” खोली अर्थातच नव्हती. शेवटच्या एसटीनं खाली आलो आणि रात्र गाडीत काढली. आई बसल्या बसल्या झोपली.

सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, लगेच लावा, पहिल्या तासात. मी लावला, अकराव्यांदा लागला. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर मागतात, तो आधी लिहून ठेवा. चॅटचे स्क्रीनशॉट काढा, कारण समोरचा मेसेज पुसतो. माझे अर्धे पुसले गेले होते.

घरी आल्यावर आमच्या भागातलं पोलीस ठाणं. “घटना तिकडची, तिकडे द्या.” मी सांगितलं, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ आहे, हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते. “कायदा आम्हाला शिकवू नका. पोर्टलवर टाकलंय ना? झालं तर.” दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी सायबरला जा. सायबरवाल्यानं फायलींच्या ढिगाकडे बोट दाखवलं: “पाच-पाच लाखांच्या पडल्यात, आणि तुमचे पंचवीस हजार.” म्हणजे मी जास्त फसायला हवं होतं! चौथ्या फेरीत एकानं विचारलं, “शिकलेले दिसता, तरी?” हा प्रश्न विचारायला सरकार पगार देतं. पाचव्या फेरीत अर्जावर पोच मिळाली. एफआयआर नाही, पोच.

बँकेत माझ्याच जुन्या सहकाऱ्यानं, नजर चुकवत, सांगितलं की पिन तुम्हीच टाकला. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही, पण ते ग्राहकानं स्वतः न केलेल्या व्यवहारांना. मला पाठ आहे ते. किती जणांना मी हेच ऐकवून परत पाठवलंय.

आता पोर्टल सांगतं की पैसे ज्या दुसऱ्या खात्यात गेले तिथे ३,१४० रुपये गोठवलेले आहेत. ते सोडवायला वकिलानं फी ४,००० सांगितली आहे.