हिवाळ्यासाठी जुनी गाडी: फॉरेस्टर की रॅव्ह-४?

टोरांटोत रोज कामावर जायला २०१४ ते २०१८ मधली सुबारू फॉरेस्टर आणि टोयोटा रॅव्ह-४, दोन्ही चालतील.

फॉरेस्टरची चारही चाकं कायम ओढतात. जमिनीपासून उंची २२० मिमी, त्यामुळे बर्फ न उपसलेल्या गल्लीत तीच उजवी. पण आधी टायर बघा: चारही एकाच मेकचे, सारखेच झिजलेले हवेत. एकच टायर नवा असेल तर चाकं कमीजास्त वेगाने फिरतात, ट्रान्सफर क्लच (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) सतत घसरून तापतो. मोकळ्या जागेत स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवा; अडखळली, धक्के दिले तर सौदा सोडा. यातल्या सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्या इंजिन ऑइल खातात. डिपस्टिक काढून पातळी पाहाच.

चारही चाकं ओढणारी (AWD) रॅव्ह-४ मागची चाकं गरजेपुरती जोडते आणि ती जोडूनच ठेवणारं लॉकचं बटण साधारण ताशी ४० किमीपर्यंतच काम करतं. साफ केलेल्या रस्त्यांना तेवढं पुरतं. शिवाय सहा गिअरचा साधा ऑटोमॅटिक आम्हाला फॉरेस्टरच्या सीव्हीटीपेक्षा (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकपेक्षा) बिनघोर वाटतो. वॉटर पंपाभोवती गुलाबी डाग असतील तर कूलंट गळतंय.

रस्त्यावरच्या मिठाने दोन्ही गंजतात. लिफ्टवर चढवून मागची सबफ्रेम (मागच्या चाकांना धरणारी खालची चौकट) आणि ब्रेक लाइन टॉर्चने तपासा. रोजचा रस्ता साफ होत असेल तर रॅव्ह-४ घ्या, आणि विंटर टायरचे पैसे बाजूला ठेवूनच भाव करा.