पहाटे पाचचा बेसबॉल : एमएलबी टीव्हीच्या वर्गणीचे दोन हंगाम

एमएलबी टीव्ही ही अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचे सामने दाखवणारी अधिकृत वर्गणी-सेवा मी २०२३ आणि २०२४ असे सलग दोन हंगाम वापरली. निम्मा वापर ठाण्यात पाचपाखाडीच्या घरी झाला आणि निम्मा ठाणे–वाशी लोकलमध्ये. शाळेत असताना मी सॉफ्टबॉल खेळत असे आणि चेंडू सहसा पोहोचत नाही अशा, मैदानाच्या टोकाच्या जागी मला उभे केले जाई. त्यामुळे आउटफिल्डर या प्राण्याविषयी मला जुनी आत्मीयता आहे. परीक्षण करताना ही बाब आधीच सांगून टाकलेली बरी, कारण संपूर्ण सेवा मी एकाच आउटफिल्डरच्या निमित्ताने तपासली. तो म्हणजे मिलवॉकी ब्रुअर्स या मेजर लीग संघाचा जॅक्सन चूरियो.

चूरियोचा जन्म मार्च २००४ मध्ये व्हेनेझुएलातील माराकायबो येथे झाला. ब्रुअर्सनी जानेवारी २०२१ मध्ये, तो सोळा वर्षांचा असताना, १८ लाख डॉलर देऊन त्याला करारबद्ध केले. तेव्हा तो शॉर्टस्टॉप, म्हणजे मैदानाच्या आतल्या भागातला क्षेत्ररक्षक, होता. पुढे त्याला आउटफिल्डमध्ये हलवण्यात आले. अमेरिकेत अशा मुलाला थेट मोठ्या संघात घेत नाहीत. त्याला क्लबशी संलग्न असलेल्या मायनर लीगच्या संघांत, सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए अशा पायऱ्यांनी चढवले जाते. आपल्या रणजी आणि कसोटीशी याची तुलना फार ताणू नये, कारण येथे निवड समिती नसते; मालक क्लब वाटेल तेव्हा, हंगामाच्या मध्यावरसुद्धा, खेळाडूला वरच्या किंवा खालच्या पायरीवर पाठवू शकतो. चूरियो २०२२ मध्ये कॅरोलायना मडकॅट्सपासून विस्कॉन्सिन टिंबर रॅटलर्समार्गे हंगामाच्या शेवटी डबल एमधील बिलॉक्सी शकर्सपर्यंत पोहोचला होता.

माझ्या दृष्टीने या वर्गणीचे खरे मोल येथेच आहे. २०२३ च्या हंगामापासून मेजर लीगच्या वर्गणीतच मायनर लीगचे सामनेही समाविष्ट झाले, आणि त्यामुळे एकोणीस वर्षांच्या मुलाला मिसिसिपीतील बिलॉक्सीच्या लहानशा मैदानावर पाहून, पुढच्या वर्षी त्यालाच न्यूयॉर्कच्या सिटी फील्ड या मेजर लीगच्या मैदानावर पाहणे एकाच वर्गणीत शक्य झाले. मायनरचे प्रक्षेपण अर्थातच साधे असते. कॅमेरे मोजके, रिप्ले थोडे आणि समालोचन बहुधा रेडिओवर बोलणाऱ्या एकाच माणसाचे. परंतु तो माणूस रोज त्याच संघाबरोबर असल्याने कोणाचा खांदा दुखतो आणि कोण कालपासून धावांच्या शोधात आहे, हे त्याला तोंडपाठ असते. मोठ्या सामन्यांतील गुळगुळीत बडबडीपेक्षा मला ही माहितीच अधिक उपयोगाची वाटली.

२०२३ च्या पूर्वार्धात चूरियो डबल एच्या ज्या सदर्न लीगमध्ये खेळत होता, तेथे एक प्रयोग चालू होता. पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, पकड चांगली मिळावी म्हणून आधीच चिकट केलेले चेंडू वापरले जात होते. परिणामी बॅटरांचे हाल झाले, स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू मारता न आल्याने बाद होणे, वाढले, आणि हंगामाच्या मध्यावर नेहमीचे चेंडू परत आणावे लागले. केवळ आकडे वाचणाऱ्याला या मुलाची पहिली तिमाही फिकी वाटली असती. सामने पाहणाऱ्याला मात्र चेंडू कसा वळतो आहे, हे दिसत होते. चेंडू बदलल्यावर त्याची बॅट बोलू लागली आणि डबल एचा हंगाम त्याने २२ होमरनांसह, म्हणजे कुंपणापार मारलेल्या फटक्यांसह, संपवला. ट्रिपल एमध्ये नॅशव्हिलकडून तो जेमतेम सहा सामने खेळला असेल-नसेल, तोच डिसेंबर २०२३ मध्ये ब्रुअर्सनी त्याच्याशी आठ वर्षांचा ८ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. जपानसारख्या परदेशी व्यावसायिक लीगमधून आलेले खेळाडू सोडले, तर मेजर लीगमध्ये एकही सामना न खेळलेल्या खेळाडूला तोवर एवढी रक्कम कोणी दिली नव्हती.

आता वेळेविषयी, कारण ठाण्यातील ग्राहकाला हा प्रश्न सर्वांत आधी पडेल. मिलवॉकीतील संध्याकाळचा सामना आपल्याकडे पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. २०२३ पासून चेंडू टाकण्यासाठी पिचरला ठरावीक सेकंदांची मर्यादा घालणारे घड्याळ लावल्यामुळे नऊ डावांचा सामना सरासरी दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आटोपतो. म्हणजे दूध यायच्या आधी पहिला डाव, आणि आंघोळ उरकेपर्यंत सातवा. शेवटचे दोन डाव मात्र ठाणे स्टेशनच्या दहा नंबरवर उभे राहून पाहावे लागतात. वाशीची गाडी ठाण्यातूनच सुटत असल्याने खिडकी मिळण्याची आशा असते, आणि ऐरोली ते घणसोलीच्या दरम्यान सामना संपला, की उरलेल्या वेळात वर्तमानपत्रही वाचून होते. क्रिकेटचे वेड असलेल्या घरात टीव्हीवरून भांडण होते. पहाटेच्या बेसबॉलसाठी टीव्हीवर दुसरा कोणी हक्क सांगत नाही, हा एक अनपेक्षित लाभ.

ज्यांना पहाटे उठणे जमत नाही, त्यांच्यासाठी संपूर्ण सामन्याचे संग्रहण आणि संक्षिप्त आवृत्ती अशा दोन सोयी आहेत, शिवाय धावफलक लपवण्याची सोयही आहे. ती सर्वप्रथम चालू करावी, नाहीतर सामना उघडण्याआधीच निकाल डोळ्यांसमोर येतो. संक्षिप्त आवृत्तीत बहुतेक वेळा प्रत्येक बॅटरचा केवळ निर्णायक चेंडू दाखवतात आणि सारा सामना लोकलच्या एका फेरीत मावतो. मी सुरुवातीला हीच आवृत्ती पाहत असे आणि ती माझी चूक होती. २०२४ च्या एप्रिल-मेमध्ये चूरियो झगडत होता, त्याची सरासरी ०.२०० च्या जरा वर, म्हणजे पाच प्रयत्नांत जेमतेम एक यशस्वी फटका अशी, घुटमळत होती. संक्षिप्त आवृत्तीत तो बाद होताना दिसे, पण का होतो, ते कळत नसे. पूर्ण सामने पाहू लागल्यावर लक्षात आले, की स्ट्राइक झोनबाहेर, म्हणजे बॅटरने सोडून दिले तरी चालते अशा टप्प्यात, जाणाऱ्या चेंडूंवर तो बॅट फिरवत होता. जूननंतर तेच चेंडू तो सोडू लागला. आधीचे तीन चेंडू शांतपणे सोडून चौथ्यावर मारलेला फटका, आणि नुसता तो फटका, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हंगामाच्या अखेरीस त्याच्या नावावर ०.२७५ ची सरासरी, २१ होमरन आणि २२ चोरलेले बेस (पिचर चेंडू टाकत असताना धावून गाठलेले पुढचे थांबे) होते. एकाच हंगामात २० होमरन आणि २० चोरलेले बेस करणारा तो मेजर लीगच्या इतिहासातील सर्वांत तरुण खेळाडू ठरला.

दूरचित्रवाणीवरील बेसबॉलची एक मर्यादा मात्र कोणत्याही वर्गणीने भरून निघत नाही. मुख्य कॅमेरा पिचर आणि बॅटर यांच्यावर रोखलेला असतो. आउटफिल्डरचे निम्मे कौशल्य त्या चौकटीबाहेर घडते. बॅटचा आवाज होताच तो कोणत्या दिशेला पहिले पाऊल टाकतो, यावर झेल ठरतो, आणि नेमके ते पाऊल आपल्याला दिसत नाही. कॅमेरा वळतो तेव्हा तो चेंडूखाली पोहोचलेला असतो, आणि अजाण प्रेक्षकाला झेल सोपा वाटतो. याची थोडी भरपाई स्टॅटकास्ट या मेजर लीगच्या मोजमाप-यंत्रणेच्या आकड्यांनी होते. खेळाडूच्या धावण्याचा वेग सेकंदाला किती फूट, हे तेथे कळते. २७ फूट हा मेजर लीगमधील सर्वसाधारण वेग आणि ३० फूट म्हणजे अतिवेगवान. तरीही मैदानाच्या टोकाला स्वतः उभे राहिलेल्या माणसाला आकड्यांनी समाधान मिळत नाही.

खर्च कमी नाही. २०२४ मध्ये पूर्ण हंगामाची वर्गणी १४९.९९ डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेबारा हजार रुपयांच्या घरात. पैसे डॉलरमध्ये भरायचे असल्याने कार्डावर परदेशी व्यवहार आधी सुरू करून घ्यावे लागतात. माझ्या बँकेने पहिले दोन प्रयत्न नाकारले, आणि त्यात उद्घाटनाचा आठवडा गेला असता. पावसाळ्यात माझ्या ब्रॉडबँडवाल्याची जोडणी दोनदा पहाटे गेली, तेव्हा मोबाइलच्या डेटावर चित्राचा दर्जा उतरवून सामना पूर्ण केला. रेडिओचे समालोचन ऐकण्याचीही सोय असल्याने फारसे बिघडले नाही. मराठी किंवा हिंदी समालोचन मात्र मला कोठेही आढळले नाही, त्यामुळे नवख्या माणसाला शेजारी बसून नियम समजावणारे कोणीतरी हवे.

चूरियोचे पदार्पण २९ मार्च २०२४ रोजी झाले. पावसामुळे उद्घाटनाचा सामना एक दिवस पुढे गेला होता, आणि न्यूयॉर्कमधील तो दुपारचा सामना आपल्याकडे गुड फ्रायडेच्या रात्री आला. त्याहून अधिक लक्षात राहिली ती ३ ऑक्टोबरची पहाट. न्यूयॉर्क मेट्सविरुद्धच्या प्लेऑफचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचा, दुसरा सामना चालू होता आणि घरी घटस्थापना होती. पहिल्या डावात ब्रुअर्सचा पहिलाच बॅटर म्हणून आलेल्या चूरियोने होमरन मारला, तेव्हा आईने आतून विचारले, "अरे, घटाची माती चाळायची कोणी?" मी "आलोच" म्हणालो आणि आठव्या डावापर्यंत हललो नाही. त्या डावात त्याने पुन्हा होमरन मारून बरोबरी साधली. त्याच डावात गॅरेट मिचेलच्या होमरनने ब्रुअर्स पुढे गेले आणि ५–३ असे जिंकले. दुसऱ्या दिवशी नवव्या डावात पीट अलोन्सोच्या होमरनने मेट्सनी मालिका हिसकावली.

वर्गणी घ्यायचीच असेल तर मार्चमध्ये पूर्ण हंगामाची घ्यावी, आणि पहिले दोन महिने मायनर लीगमधला एखादा एकोणीस-वीस वर्षांचा खेळाडू हेरून त्याचेच सामने पाहावेत. केवळ ऑक्टोबरचे सामने पाहायचे असतील, तर पूर्ण हंगामाची वर्गणी भरण्यात अर्थ नाही. मी २०२५ साठी पैसे भरले आहेत. बँकेने या खेपेस पहिल्याच प्रयत्नात मान्यता दिली.