परदेशातून जुनी गाडी आणायची आहे: लिलाव, थेट मालक की आधीच आणलेली?

स्क्रीनवर दिसणारी परदेशातली गाडी नेहमीच स्वस्त वाटते. तेच मॉडेल, तेच साल आणि किंमत आपल्याकडच्या निम्मी. मग त्यात जहाजाचं भाडं, विमा, कस्टम ड्यूटी, ड्यूटी धरून आलेल्या रकमेवरचा कर, बंदरातलं बिल, करावे लागणारे बदल, तपासणी आणि नोंदणी मिळवत गेलं की निम्म्याचं पाऊणपट होतं, कधी बरोबरी होते आणि कधी घरचीच गाडी स्वस्त होती असं कळतं. म्हणून नुसत्या स्वस्ताईसाठी हा उद्योग करू नये, असं माझं सरळ मत आहे. आणायला सबळ कारणं दोनच: ते मॉडेल तुमच्या देशात कधी विकलंच गेलं नाही, किंवा विकलं गेलं पण बहुतेक गाड्या सडून भंगारात गेल्या.

वाटा तीन आहेत. एजंटमार्फत परदेशी लिलावात बोली लावायची, तिकडच्या मालकाशी थेट व्यवहार करून गाडी जहाजावर चढवायची, किंवा दुसऱ्या कोणी आधीच आणून नोंदवलेली घ्यायची. खर्चाचा फरक वाटतो तेवढा मोठा नसतो. मोठा फरक असतो तो न दिसलेला दोष कोणाच्या गळ्यात पडणार यात.

आधी वय, मग मॉडेल

गाडी पसंत करण्याआधी आपल्या देशाचा वयाचा नियम बघा, कारण तोच यादी अर्धी करून टाकतो. अमेरिकेत 25 वर्षं पूर्ण झालेली गाडी सुरक्षा मानकांतून सुटते. प्रदूषणाच्या बाबतीत मूळ स्वरूपातल्या गाडीला हीच सूट 21 वर्षांनंतर मिळते. कॅनडात मर्यादा 15 वर्षं आहे. ब्रिटनमध्ये 10 वर्षांपेक्षा जुन्या मोटारीला वेगळी मान्यता-चाचणी द्यावी लागत नाही. ऑस्ट्रेलियाचा जुन्या गाड्यांचा दरवाजा 25 वर्षांनंतर उघडतो. काही देशांचं गणित बरोबर उलटं आहे: केनिया आठ वर्षांवरची गाडी आतच घेत नाही, आणि भारतात वापरलेली साधी मोटार तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, शिवाय स्टिअरिंग उजवीकडेच हवं. विंटेज गाड्यांचे नियम तिथे वेगळे आहेत.

अमेरिकेत 25 वर्षं महिन्यागणिक मोजतात, तीही गाडी बनल्यापासून. जपानी कागदांवर मात्र पहिल्या नोंदणीचा महिना असतो, बनल्याचा नसतो. वर साल हेइसेई, म्हणजे जपानी सम्राटाच्या कारकिर्दीच्या पद्धतीने लिहिलेलं, म्हणजे हेइसेई 6 म्हणजे 1994. नोंदणीच्या तारखेपासून मोजलं तर धोका नाही, कारण गाडी त्याआधीच बनलेली असते. विक्रेता "बनली चार महिने आधी" म्हणून घाई करत असेल, तर पुरावा त्याच्याकडून घ्या. सीटबेल्टच्या पट्ट्यावरच्या लेबलावर तारीख असते, तिने अंदाज येतो. पण कस्टमसमोर अंदाज चालत नाही.

आणखी एक मेख अशी की देशात आणायची परवानगी आणि रस्त्यावर चालवायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपानच्या छोट्या केई गाड्या अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत बसून बंदरातून बाहेर पडल्या, आणि पुढे राज्याने नोंदणीच नाकारली, असं मेन आणि ऱ्होड आयलंड या राज्यांत घडलेलं आहे.

लिलावाची वाट

जपानमधून इतक्या धडधाकट जुन्या गाड्या बाहेर का पडतात? तिथली शाकेन ही सक्तीची तपासणी दर दोन वर्षांनी येते आणि खर्चिक असते; पेट्रोल गाडी 13 वर्षांची झाली की वार्षिक करही वाढतो. मालकाला गाडी ठेवणं परवडत नाही, गाडीत मात्र जीव असतो.

लिलावात गाडीसोबत तपासनिसाचा एक कागद येतो आणि तुमचा सगळा निर्णय त्या एका कागदावर उभा असतो. कोपऱ्यात एकूण गुण असतात: 4.5, 4, 3.5 असे, आतल्या भागासाठी ए, बी, सी. आर असेल तर अपघातानंतर दुरुस्त केलेली. मधे गाडीचं उलगडलेलं चित्र आणि त्यावर अक्षरं. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीची लाट, एस म्हणजे गंज, सी म्हणजे पत्रा खाल्लेला, एक्सएक्स म्हणजे पॅनेल बदललेलं. पुढचा आकडा तीव्रता सांगतो. दारावर ए1 आणि यू1 भरपूर असतील तर मला काळजी वाटत नाही. मागच्या चाकाच्या कमानीवर एक डब्ल्यू3 असेल आणि शेजारी एस असेल तर मी बोली लावणार नाही. कारण तिथे पत्रा सडला, वर पुट्टी भरली, रंग मारला आणि गंज आतून पुन्हा वर येतोय, हीच कथा बहुतेक वेळा निघते. आणि तीस वर्षांच्या गाडीला 4.5 मिळाले असतील तर खूश होण्याआधी रंग कधी दिला ते विचारा.

तपासनीस हाताने जे लिहितो ते खरं महत्त्वाचं. "खाली गंज", "एसी थंड करत नाही", "मीटर बदलला" अशा ओळी तिथेच असतात, आणि एजंटच्या दोन ओळींच्या भाषांतरात नेमक्या त्याच गळतात. गाडी विकली गेली तरच एजंटला दलाली मिळते हे लक्षात ठेवून भाषांतर दुसऱ्याकडून करून घ्या. गाडी आधी कुठे नोंदलेली होती तेही विचारा. होक्काइदो, तोहोकू, निइगाता हा बर्फाचा पट्टा; तिथल्या गाडीची खालची बाजू पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. तळाला नुकताच काळा रंग फासलेला दिसला तर तो फोटो गाडी चांगली असल्याचा पुरावा नव्हे.

हातोडा पडला की गाडी तुमची. परत करण्याची सोय जवळजवळ नसते. एवढं मान्य असेल, तर निवड आणि किंमत यात ही वाट सगळ्यांत उजवी आहे.

थेट मालकाकडून

इथे तपासनिसाचा कागद नाही, पण माणूस आहे. त्याला थंड इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ मागता येतो, डिकीतला गालिचा उचलून फोटो काढायला सांगता येतो. टाळाटाळ करणारा मालक हीसुद्धा माहितीच असते.

देशागणिक साधनं वेगळी. ब्रिटनमधल्या गाडीचा वार्षिक एमओटी तपासणीचा इतिहास फुकट, ऑनलाइन, नंबर टाकून बघता येतो. दूर बसून खरेदी करणाऱ्याला यासारखं दुसरं साधन नाही: दरवर्षीचं मायलेज, नापास झाली तर कारण, आणि "मागच्या बाजूला गंज, लक्ष ठेवा" अशा सूचना. तीच सूचना तीन वर्षं येऊन चौथ्या वर्षी गायब झाली असेल, तर दुरुस्तीचं बिल मागा. मात्र ब्रिटनचं नोंदणीपत्र, व्ही5सी, मालकीचा पुरावा नसतं. ते तसं त्यावरच छापलेलं असतं. गाडीवर कर्जाचा बोजा आहे का हे वेगळं तपासावं लागतं.

अमेरिकेत मालकीचा कागद म्हणजे टायटल. "हरवलं आहे, पण विक्रीची पावती देतो" असं ऐकलं की व्यवहार तिथेच सोडा, कारण गाडी निर्यात करताना टायटल किमान 72 तास आधी तिथल्या कस्टमला दाखवावं लागतं. ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यातली गाडी घ्यावी, उत्तरेतल्या मोठ्या सरोवरांकाठच्या राज्यातली टाळावी. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ॲरिझोनाच्या उन्हात डॅशबोर्ड तडकतो, रबरं कडक होतात, पण पत्रा राहतो. डॅशबोर्ड बदलता येतो.

या वाटेवर स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी हा एकच खर्च असा आहे ज्यात काटकसर करू नये. तपासणीनंतर गाडी नाकारलीत, तर ते पैसे वसूल झाले असं समजा.

युरोपात किंवा ब्रिटनमध्ये आणणाऱ्यांनी तिसाव्या वर्षावर डोळा ठेवावा. गाडी किमान 30 वर्षांची, मूळ स्वरूपातली आणि उत्पादन थांबलेल्या मॉडेलची असेल तर ती संग्राह्य वस्तूंच्या वर्गात जाऊ शकते. ब्रिटनमध्ये मग 10 टक्के ड्यूटी आणि 20 टक्के व्हॅटऐवजी ड्यूटी शून्य आणि व्हॅट 5 टक्के. एकोणतीस वर्षांची गाडी घाईने आणणारा एका वर्षासाठी किती मोजतो याचा हिशेब ज्याने त्याने करावा. आणि इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग बदलून ट्यून केलेली गाडी या सवलतीतून निसटू शकते.

आधीच आणलेली

इथे किंमत जास्त, पण त्या किमतीत दुसऱ्याचा त्रास विकत मिळतो. गाडी चालवून पाहता येते, लिफ्टवर चढवता येते. पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्याला मी हीच वाट सांगेन.

पण कागद इथेही बघायचे: ड्यूटी भरल्याची पावती, आयातीचे दाखले, चासिस नंबर कागदाशी अक्षर न् अक्षर जुळतो का. 2014 मध्ये अमेरिकी सरकारने सुमारे 40 लँड रोव्हर डिफेंडर जप्त केल्या होत्या. त्या खरंच 25 वर्षांच्या आहेत का, हा वाद होता. दावा लढलेल्या अनेक मालकांना त्या पुढे परत मिळाल्या, पण मधला काळ मालक कोर्टात आणि गाडी सरकारी ताब्यात.

आणि "बंदरातून सुटली आहे, फक्त नोंदणी बाकी आहे" ही गाडी तिन्ही वाटांत वाईट. ते "फक्त" सोपं असतं तर विकणाऱ्यानेच करून चार पैसे जास्त घेतले असते.

जहाज आणि नंतरचं

चालत्या गाडीसाठी रो-रो जहाज बहुधा स्वस्त. गाडी चालवत आत नेतात, आत सामान ठेवू देत नाहीत. बंद पडलेली, महाग किंवा सुट्या भागांसह येणारी गाडी कंटेनरने. विमा फक्त संपूर्ण नुकसानीचा आहे की सगळ्या जोखमींचा, हे वाचून सही करा. ऑस्ट्रेलियाला पाठवत असाल तर ॲस्बेस्टॉसचा विषय आधी मिटवा: 2003 च्या अखेरीपासून तिथे पूर्ण बंदी आहे, आणि जुन्या ब्रेक लायनिंग, क्लच प्लेट, गॅस्केटमध्ये ते असू शकतं.

उतरल्यावर पहिला खर्च दिव्यांचा. उजवीकडून वाहतूक असलेल्या देशातल्या गाडीचा डिपर डावीकडून चालणाऱ्या देशात समोरच्याच्या डोळ्यांवर जातो, आणि उलटही. अमेरिकी गाडीचे लाल इंडिकेटर युरोपात पिवळे करावे लागतात. जपानी टर्बो इंजिनं तिथल्या उच्च ऑक्टेन पेट्रोलसाठी जुळवलेली असतात. कमी ऑक्टेनवर ती ठोकायला लागतात, म्हणजे इंधन अवेळी पेटून खडखडतात. इथेनॉल मिसळलेलं इंधन जुन्या रबरी नळ्या खातं. नव्वदीच्या सुरुवातीच्या एसीत आर-12 गॅस असेल, तर तो सहज मिळणार नाही, प्रणाली बदलून घ्यावी लागेल.

विम्याचं काम गाडी समुद्रात असतानाच सुरू करा. जपानमधून आणलेल्या गाडीला 17 अक्षरांचा नंबर नसतो, "बीएनआर32" अशा अक्षरांनी सुरू होणारा लहान चासिस नंबर असतो, आणि विमा कंपनीच्या संगणकातला रकाना तो घेत नाही. अशा वेळी फोनवर माणूस गाठावा लागतो, आणि जमल्यास ठरीव किमतीची पॉलिसी मागावी. नाहीतर अपघातानंतर तुमच्या गाडीची किंमत त्याच वयाच्या एखाद्या साध्या मॉडेलवरून लावली जाते.