सौर कृषी वाहिनीला जमीन भाड्यानं दिली, अनुभव चांगलाय
मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधे आमचं मुरमाड रान शेतीपंपांना दिवसा वीज देणाऱ्या सोलर प्रकल्पाला भाड्यानं दिलंय, बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय. भाडं हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार आणि दरवर्षी 3 टक्के वाढ, म्हणजे एकरी 50 हजार धरा, कोरडवाहूत एवढं सुटत नाही हे सगळ्यांना माहितीय. जमीन आपल्याच मालकीची राहते, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पण करार नीट वाचा राव! डेव्हलपरचा, म्हणजे प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीचा, माणूस कराराचा मसुदा घेऊन आला त्यात मुदत संपल्यावर खांब, पाया, केबल कोण काढणार याचा उल्लेखच नव्हता, वकिलाला दाखवून ते कलम घालून घेतलं आणि मगच सही केली. सबस्टेशन जवळ पाहिजे, लांबचं रान घेत नाहीत.

गावात आता पंपाला दिवसा लाईट असते, रात्री बिबट्याच्या भीतीत दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जायचं बंद झालं, याचं मोल पैशात होत नाही. काळं बागायती रान मात्र अजिबात देऊ नका. मुरमाडासाठी माझ्याकडून पाचपैकी चार स्टार.