लायफे पॅक, नऊ महिने आणि एक मोडलेला प्रॉपेलर

माझ्या रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाचा 11 बाय 6 इंची लाकडी प्रॉपेलर मोडला, पुढच्या चाकाची तार वाकली, आणि दहा मिनिटांपूर्वीच मीटरने बॅटरी ठीक असल्याचं सांगितलं होतं. म्हणून लिहायला बसलोय.

पॅक नेहमीचाच, लायफे, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी. दोन सेल, 6.6 व्होल्ट, 2100 एमएएच (पोटात किती वीज मावते त्याचं माप). माझ्या 46 च्या (0.46 घनइंची) ग्लो, म्हणजे इंधनावरच्या, इंजिनवाल्या ट्रेनरमध्ये, म्हणजे शिकाऊ विमानात, रिमोटचे सिग्नल घेणारा रिसीव्हर आणि विमानाचे भाग हलवणाऱ्या पाच छोट्या मोटारी, म्हणजे सर्वो, यांच्यासाठी. दिवाळीआधी 1,800 रुपये मोजले. एवढ्यात जुन्या निकेल बॅटरीचे दोन पॅक आले असते, हे मी दुकानदाराला तीनदा ऐकवलं. तरी घेतला, कारण त्याआधीच्या मे महिन्यात फुल चार्ज करून कपाटात विसरलेला एक लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) पुरीसारखा टम्म फुगला होता. नागपूरचा मे, दुसरं काय होणार! तेव्हापासून आमच्या घरी लायपो वाळूच्या मडक्यात, जिन्याखाली राहतात. हुकूम वरचा आहे. लायफेला मात्र कपाटात जागा मिळाली, कारण त्यातला ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट धरून असतो, सहजासहजी सुटून आग भडकवत नाही. हे बायकोला पटवायला एक अख्खा रविवार गेला.

पहिल्याच दिवशी कुरबुर. माझे जुने सर्वो सहा व्होल्टपर्यंतचे. 6.6 वर एलेरॉनचा (पंखाच्या मागच्या हलत्या फळीचा) सर्वो डासासारखा गुणगुणायला लागला. नवे सर्वो कोण घेतो? वायरमध्ये एक डायोड टाकला, पाऊण व्होल्ट तिथे गेला, गुणगुण बंद. खर्च पाच रुपये.

दुकानात चार्जिंगचं विचारलं तर उत्तर आलं, "लायपोवर लावा ना, दोन सेल म्हणजे दोन सेल." अहो, लायपोच्या मोडवर सेल 4.2 व्होल्टपर्यंत जातो, हा 3.6 ला थांबवायचा! त्याचं ऐकलं असतं तर पॅक महिन्यातच भंगारात गेला असता. माझ्या जुन्या चार्जरमध्ये लायफेचा मोड आहे, म्हणून वाचलो. त्याच दुकानातून दीडशेचा व्होल्टमीटरही घेतला होता, आणि खरी रड तिथेच आहे.

लायपोचा व्होल्टेज हळूहळू उतरतो, त्यावरून पोटात किती उरलंय ते कळतं. लायफेचं तसं नाही. पहिल्या रविवारी सहा उड्डाणं झाली, मीटर 6.59. वा! दुसऱ्या रविवारी आणखी सहा, 6.54. मी खूश, चार्जिंगची कटकटच नाही. तिसऱ्या रविवारी सतरावं उड्डाण संपलं तेव्हा 6.41 होता. मनात म्हटलं, दोन दशांशांनी काय होतंय. अठरावं उड्डाण करून उतरलो, विमान जमिनीवरून चालवत परत आणत होतो, तर रडर (शेपटीचं वळवणारं सुकाणू) मेलेला. इंजिन आयडलवर फटफटतंय, विमान आपलं सरळ चाललंय, सरळ बाभळीच्या झुडपात. चाळीस सेकंद आधी ते हवेत होतं.

घरी आल्यावर चार्जरने 2,080 एमएएच ओतले. म्हणजे टाकी कोरडी ठाक होती. तळाला आला की हा पॅक उतरत नाही, कोसळतो. त्या रात्री मी ठरवलं होतं की हे ध्यान कुणाच्या तरी गळ्यात मारायचं.

मारलं नाही. हिशोब केला तर 2,080 भागिले 18, म्हणजे उड्डाणाला साधारण 115. निकेलच्या काळात आम्ही वही ठेवायचो, तीच परत काढली. आता दर रविवारी घरी आलो की चार्ज करतो आणि किती आत गेले ते लिहितो. दहा उड्डाणांच्या वर हात लावत नाही, मीटर काहीही म्हणो.

मार्च-एप्रिल गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मैदान बंद होतं. पॅक फुल चार्ज, कपाटात, बाहेर ऊन 43. मे मध्ये भीत भीत काढला. फुगवटा नाही, आणि चार्जरला लावला तर फक्त 40 एमएएच घेतले. लायपोने या काळात काय केलं असतं ते मडक्याला विचारा. काल पाच उड्डाणांनंतर 580 गेले. नऊ महिन्यांत आकडा हललेला नाही, आणि 1,800 रुपये आता तेवढे टोचत नाहीत.

इलेक्ट्रिक ग्लायडरसाठी मात्र घेणार नाही. तेवढ्याच ताकदीला एक सेल जादा लागतो, आणि ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारं यंत्र) त्याला लायपो समजून मोटार लवकर बंद करतो. सेटिंग बदलता येतं, पण वजन कुठे जाणार?

मीटर परत घ्यायला दुकानदार तयार नाही. म्हणतो, बरोबर तर दाखवतोय. मडक्यात लायपोंसोबत ठेवून दिलाय, तिथे कामाला येतो.