वॉटर पार्क, कार्निव्हल की जत्रा: पोरांना एकटं कुठे सोडायचं?

फेब्रुवारी आला की आमच्या घरात तहाची बोलणी सुरू होतात. माघातल्या जत्रा, कार्निव्हल आणि धाकटीच्या जिवलग मैत्रिणीचा वाढदिवस, सगळं दोन-तीन आठवड्यांत येऊन पडतं. यंदा आठवीतल्या चौघींनी मिळून मागणी ठेवली: वाढदिवसाला वॉटर पार्क, शनिवारी पणजीची कार्निव्हलची मिरवणूक आणि मंगेशीची जत्रा. तिन्ही ठिकाणी मोठं माणूस सोबत नको. कारण काय, तर "तू आलीस की दर दहा मिनिटांनी पाण्याबाहेर बोलावून केस पुसत बसतेस." आरोप खरा असल्यामुळे वाद घालता आला नाही.

आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. थोरला आता अकरावीत आहे, त्यामुळे हे सगळे प्रयोग एकदा करून झालेत आणि त्यातले काही फसलेतही. त्या भांडवलावर ही तीन ठिकाणं शेजारी शेजारी मांडून बघते. ज्यांच्या घरात बारा ते सोळाच्या मधलं कोणी आहे, त्यांना उपयोग होईल.

खोपोलीच्या इमॅजिकासारखं अवाढव्य थीम पार्क गोव्यात नाही. तिथे किंवा कोची-बेंगळुरूच्या वंडरलाला आपली मुलं जातात ती बहुधा शाळेच्या सहलीतून, म्हणजे शिक्षक सोबत असतातच. इथे आपल्या वाट्याला येतं ते हणजूणच्या स्प्लॅशडाऊनसारखं वॉटर पार्क, रस्त्यावरची मिरवणूक आणि देवळासमोरच्या मोकळ्या जागेत उभा राहिलेला आकाशपाळणा.

कुंपणाच्या आत

कागदावर वॉटर पार्क पहिला नंबर पटकावतं. कुंपण आहे, तिकीट आहे, पाण्याशेजारी शिट्टी घेऊन उभे असलेले जीवरक्षक आहेत, आणि सगळं दिवसाउजेडी आटोपतं. घसरगुंडीच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते आणि तिथला माणूस एकाला खाली पोचू दिल्याशिवाय दुसऱ्याला सोडत नाही. म्हणून मला घसरगुंडीची भीती कमी वाटते. भीती वाटते ती लाटांच्या तळ्याची. भोंगा वाजला की सगळे एकदम खोलगट बाजूला धावतात, आणि त्या गर्दीत पोहायला न येणारं मूल आपल्याला पोहता येतं असं समजू लागतं. पोहता न येणाऱ्या मुलाला तिथे मोठ्या माणसाशिवाय पाठवूच नये. तेरा वर्षांचं असो की सोळा.

पण खरी अडचण पाण्यात नाही, लॉकरमध्ये आहे. पार्कात शिरल्यावर पोरं पहिलं काम करतात ते फोन लॉकरमध्ये टाकायचं. पुढचे चार-पाच तास तुमचं मूल फोनवर नाही. आईबाप घरी बसून अठरा वेळा रिंग देतात, मग मैत्रिणीच्या आईला फोन, मग तिची आई आणखी तिसरीला, आणि बारा वाजेपर्यंत चार घरांत रडारड. मुली तिकडे मजेत असतात.

लॉकरची दुसरी बाजू मी थोरल्याच्या सातवीच्या सहलीत पाहिली. गोव्याबाहेरचं एक पार्क होतं. मनगटावरच्या रबरी पट्ट्यातली किल्ली पाण्यात निसटली. कपडे, पैसे, फोन, सगळं आत. मित्र जेवायला निघून गेलेले. हा ओल्या चड्डीवर लॉकरसमोर जवळजवळ पाऊण तास उभा. हाकेच्या अंतरावर कर्मचारी बसलेला होता, पण याने त्याला विचारलं नाही. का? "ओरडले असते." शेवटी जेवणाच्या वेळी सरांनी डोकी मोजली तेव्हा एक कमी भरलं आणि शोध सुरू झाला. घरी आला तो ताप घेऊनच.

त्या दिवसापासून मी वय विचारायचं सोडलं. अनोळखी माणसासमोर जाऊन "काका, माझी किल्ली हरवली" एवढं वाक्य मुलाला म्हणता येतं का, हे आधी बघते. बारा वर्षांच्या काही मुलांना येतं, सतराच्या काहींना येत नाही.

तीन बसा

फोंड्याहून हणजूणला जायचं म्हणजे फोंडा-पणजी, पणजी-म्हापसा, म्हापसा-हणजूण. पणजीच्या स्टँडवर म्हापशाच्या कदंबचं (गोव्याची सरकारी बस) तिकीट खिडकीवरच काढावं लागतं, आत कंडक्टर नसतो. हे साधं वाटतं, पण पहिल्यांदा जाणारी पोरं हमखास बसच्या दारात उभी राहून कंडक्टर शोधतात. जाताना काही वाटत नाही, सकाळ असते, अंगात उत्साह असतो. येताना चौघी दमलेल्या, केस ओले, पैसे संपत आलेले, आणि म्हापशाला पोचेपर्यंत अंधार पडू लागलेला. पार्काचा धोका पार्कात संपत नाही, तो या तीन बसांत पसरलेला आहे.

इथे सोळा-सतराची मुलं एक सोपा उपाय काढतात: घरची स्कूटर. यावर माझं उत्तर ठामपणे 'नाही' असंच आहे. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो पन्नास सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या गाडीचा. आपल्या अंगणातली ॲक्टिव्हा ११० सीसीची. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. "गावातल्या गावात तर जातोय" हे वाक्य गोव्यात जितकं चालतं तितकं कुठेच चालत नसेल.

दुसरा उपाय त्याहून बेरकी: "रात्री तिकडेच खोली घेऊन राहतो." तेही होणार नाही. गोवा बाल कायदा २००३ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला कुटुंबाशिवाय वा नातेवाइकांशिवाय हॉटेलच्या खोलीत घेता येत नाही. थोरल्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आई, तुला हे सगळं पाठ कसं?" त्याच्यामुळेच.

मिरवणूक

कार्निव्हलची गोष्ट उलटी. तिकीट नाही, कुंपण नाही, फोन हातात असतो. तरीही तो लागत नाही, कारण हजारो माणसं एकाच वेळी व्हिडिओ पाठवत असतात आणि लागला तरी चित्ररथावरच्या स्पीकरपुढे ऐकू येत नाही. कार्निव्हलचा राजा किंग मोमो याची स्वारी येते, रथ सरकतात, सूर्य मावळतो, आणि त्यानंतरचा तासभर वेगळाच असतो. दुपारी लेकराबाळांची असलेली गर्दी संध्याकाळी बदलते. गोव्यात दारूसाठी कायद्याने २१ वर्षं पूर्ण लागतात, पण रस्त्यावर बिअरचा कॅन हातोहात फिरताना वय कोण विचारतो? अठरा-वीसच्या मुलांच्या घोळक्यात तेरा वर्षांच्या चार मुली, हे चित्र मला नको आहे. हे मुली आहेत म्हणून म्हणत नाही. थोरल्यालाही नववीत मी याच कारणाने अडवलं होतं आणि तो आठवडाभर बोलला नव्हता.

शिवाय त्या शनिवारी पणजीतले रस्ते बंद असतात. स्टँडपर्यंत चालत जावं लागतं आणि फोंड्याच्या बसला अशी झुंबड की लहान माणूस मागेच राहतं.

आता तीच मुलं फोंड्यातल्या शिगम्याच्या मिरवणुकीला? मी बिनदिक्कत सोडते. रोंबटाचा, म्हणजे ढोल-ताशांवर नाचत जाणाऱ्या मेळ्याचा, गोंगाट काही कमी नसतो आणि रथ रात्री उशिरापर्यंत चालतात. पण फोंड्यातल्या तिस्का नाक्यापासून घर चालत वीस मिनिटांवर आहे, वाटेत मावशीचं दुकान आहे, आणि दर दहा पावलांवर कोणीतरी "काय गो, आई खंय?" विचारणारं भेटतं.

जत्रा

मंगेशीची जत्रा या तिघांत मला सगळ्यात गुंतागुंतीची वाटते, आणि बहुतेक पालक तिला सगळ्यात सोपी समजतात. देवाचं काम, ओळखीची माणसं, खाज्याची दुकानं, रात्री नाटक. आपण स्वतः लहानपणी चटईवर झोपून अर्धं नाटक बघितलेलं असतं. हरवलेल्या पोराला "तू कोणाचो रे?" विचारून घरी पोचवणारी माणसं तिथे अजून आहेत, ही फार मोठी गोष्ट. वॉटर पार्कातल्या कुठल्याही जीवरक्षकाला तुमचं आडनाव ठाऊक नसतं.

पण आकाशपाळणा मात्र बघून घ्या. पार्कातलं यंत्र एका जागी रोवलेलं असतं. जत्रेतला पाळणा दर आठवड्याला सुटतो, ट्रकमध्ये भरला जातो आणि पुढच्या गावी रात्रीतून पुन्हा उभा राहतो. मी थोरल्याला शिकवलं होतं तेच आता धाकटीला शिकवलंय: पाळण्याचे पाय कशावर टेकलेत बघ, मातीवर की लाकडी ठोकळ्यांवर. बसण्याच्या पेटीचा आडवा दांडा स्वतः ओढून बघ. कडी जाग्यावर तारेने बांधलेली दिसली तर बसायचं नाही, पैसे दिलेले असले तरी. आणि चालवणारा फोनवर बोलत असेल तर पुढच्या फेरीची वाट बघ. मागच्या वर्षी ती एकदा खरंच उतरून आली. मैत्रिणी हसल्या. तिने मला ते दोन दिवसांनी सांगितलं.

दुसरी गोष्ट गर्दी. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि किमान सहा भाविक गेले. त्या जत्रेला आमच्या ओळखीतली कितीतरी घरं दरवर्षी जातात. ओळखीची माणसं आजूबाजूला आहेत म्हणून गर्दीचं वजन कमी होत नाही. उतारावर, अरुंद वाटेत, पालखी किंवा होमाच्या वेळी पुढे घुसायचं नाही. गर्दी दाटली की माणसांच्या ओघाला उलटं न जाता तिरकं सरकत कडेला यायचं. हे मुलांना घरी सांगा. तिथे ऐकू येत नाही.

जाता जाता एक बोलते. वॉटर पार्कला नाही म्हणणारे आमच्याच वाड्यावरचे पालक दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री दहा वर्षांच्या पोरांना पहाटे चारपर्यंत बाहेर सोडतात. फटाके, दारू, कानठळ्या बसवणारा डीजे, सगळं असतं. त्याबद्दल एकही प्रश्न विचारला जात नाही, कारण ते आपलं आहे.

मधला रस्ता

बाहेरच्या देशांत मोठी पार्कं हा प्रश्न पालकांवर सोडत नाहीत. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत २०१३ पासून चौदा वर्षांखालच्या मुलासोबत किमान चौदा वर्षांचं कोणीतरी लागतं. म्हणजे थोरला भाऊ चालतो. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मने २०२२ च्या जुलैमध्ये, किशोरवयीन मुलांच्या मारामाऱ्यांनंतर, शुक्रवारी-शनिवारी सतरा आणि त्याखालच्यांसाठी किमान एकवीस वर्षांचा सोबती सक्तीचा केला. दोन नियमांतला फरक बोलका आहे. पहिला नियम लहान मूल हरवू नये म्हणून. दुसरा मोठं मूल बिघडू नये म्हणून. आपण घरी दोन्ही भीती एकत्र करून 'नको' म्हणतो, आणि मुलांना कळतच नाही की आई नेमकी कशाला घाबरते आहे.

मला डिस्नेचा नियम पटतो. म्हणून आमचा तोडगा असा: वॉटर पार्कला चौघी जातील, थोरला त्याच्या मित्राबरोबर त्याच पार्कात असेल, पण चौघींच्या मागे फिरणार नाही. सकाळी मी गाडीने सोडेन आणि म्हापशाला बहिणीकडे बसेन, म्हणजे हाकेच्या अंतरावर. दीड वाजता जेवताना फोन लॉकरमधून काढायचा आणि एक मेसेज टाकायचा. पावणेपाचला फाटकाबाहेर. १०९८ (मुलांची हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे दोन्ही नंबर पाठ हवेत, फोनमध्ये साठवलेले नकोत. लॉकरमध्ये गेलेल्या फोनमधले नंबर कशाला उपयोगाचे? बारा वर्षांखाली असतात तर मी आतच बसले असते, केस पुसत.

मंगेशीला संध्याकाळी जाऊ दे, नाटक मात्र आमच्याबरोबर.

राहिली पणजी. मी थेट नाही म्हटलं नाही. धाकटीला कदंबच्या चौकशी खिडकीवर एकटीला पाठवलं: कार्निव्हलच्या शनिवारी पणजीहून फोंड्याला शेवटची बस किती वाजता, विचारून ये. मी स्टँडच्या दुसऱ्या टोकाला उसाचा रस पीत उभी. ती रांगेत दोनदा मागे ढकलली गेली, तिसऱ्यांदा खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली, आणि बोलली. परत आली तेव्हा चेहरा पडलेला. "ते म्हणाले, त्या दिवशीचं काही सांगता येत नाही. रस्ता मोकळा झाला की बस."

उसाचा रस तिलाही घेतला. अर्धा ग्लास संपवून तिने फोन काढला आणि मैत्रिणींच्या गटावर लिहिलं, पणजी कॅन्सल, शिगम्याला तिस्कावर.