अकरावीचा इतिहास: ए-पुश घ्यावं, ऑनर्स घ्यावी की कम्युनिटी कॉलेज?

जानेवारी-फेब्रुवारीत अमेरिकेतल्या हायस्कूलांमध्ये पुढच्या वर्षीच्या विषयांचे फॉर्म भरायचे असतात. इथल्या आपल्या मराठी घरांत कॅलक्युलस, फिजिक्स, केमिस्ट्रीवर फारशी चर्चा होत नाही, ते जणू ठरलेलंच असतं. गाडी अडते ती इतिहासापाशी. एपी यूएस हिस्टरी (कॉलेजच्या पातळीचा अमेरिकन इतिहासाचा कोर्स, शेवटी देशभर एकच परीक्षा) घ्यायची, की साधी ऑनर्स (शाळेचाच, नेहमीपेक्षा थोडा वरचा वर्ग) घेऊन तो वेळ दुसरीकडे लावायचा?

आमच्याकडे दोन्ही झालं. मोठ्या मुलाने अकरावीत एपी घेतलं, ज्याला मुलं ए-पुश म्हणतात. धाकटीने तीन वर्षांनी ऑनर्स घेतली. दोघांचेही निर्णय बरोबर होते असं मला आज वाटतं, पण आम्ही तेव्हा ज्याच्या जोरावर ठरवत होतो त्याचा या बरोबर असण्याशी काही संबंध नव्हता. आम्ही जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, मोजत होतो. मोजायला हवं होतं ते वाचन आणि लेखन.

वर्गात काय वेगळं घडतं

साधा किंवा ऑनर्सचा कोर्स राज्याच्या अभ्यासक्रमाप्रमाणे चालतो. कॅलिफोर्नियात, उदाहरणार्थ, अकरावीचा भर विसाव्या शतकावर असतो, कारण आधीचा बराच भाग मुलं आठवीत शिकलेली असतात. ए-पुश सुरू होतं १४९१ पासून, म्हणजे कोलंबस येण्याच्या आदल्या वर्षापासून, आणि नऊ युनिट्समध्ये आजच्या काळापर्यंत येतं. हे सगळं मे महिन्याच्या सुरुवातीला होणाऱ्या परीक्षेआधी संपवायचं असतं. परीक्षेची तारीख देशभर एकच. काही राज्यांत शाळा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात उघडते, काही ठिकाणी सप्टेंबरच्या सुरुवातीचा लेबर डे उलटल्यावर. तुमची शाळा उशिरा उघडणारी असेल, तर तोच अभ्यास जवळजवळ महिनाभर कमी वेळात बसवावा लागतो. जून अखेरपर्यंत चालणाऱ्या शाळेत परीक्षेनंतर बरेच आठवडे उरतात, पण ते परीक्षेच्या तयारीला उपयोगाचे नसतात.

खरा फरक मात्र किती शिकवतात यात नाही, काय विचारतात यात आहे. ऑनर्सच्या वर्गात १८८२ चा चायनीज एक्सक्लूजन ॲक्ट काय होता, का आला, त्याचे परिणाम काय झाले, हे विचारलं जातं. ए-पुशमध्ये अशाच विषयावर मुलापुढे सात कागद ठेवले जातात: एखादं भाषण, व्यंगचित्र, कुणाचं खासगी पत्र, एखादा ठराव. कागद एकमेकांशी जुळत नाहीत. हे कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, लिहिणाऱ्याला त्यातून काय हवं होतं, हे ओळखून त्यातून स्वतःचं म्हणणं उभं करायचं आणि त्याच कागदांच्या आधाराने ते सिद्ध करायचं. याला डीबीक्यू (डॉक्युमेंट-बेस्ड क्वेश्चन) म्हणतात. या कोर्सचा आत्मा तोच.

मोठ्याला या वर्षात भगतसिंग थिंड यांचा खटला भेटला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या या माणसाला १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे तुम्ही 'गोरे' नाही, म्हणून तुम्हाला नागरिकत्व घेता येणार नाही. भारतीय माणसासाठी नागरिकत्वाचं दार १९४६ मध्ये उघडलं, पण नव्याने इथे येण्यासाठी वर्षाला १०० जणांचाच कोटा होता. मग देशवार कोट्यांची जुनी पद्धत मोडणारा १९६५ चा स्थलांतराचा कायदा आला. जेवताना तो हे सांगत होता आणि मध्येच थांबून म्हणाला, "आई, म्हणजे आपण इथे आहोत ते या एका कायद्यामुळे?" त्या एका प्रश्नासाठी मला तो कोर्स मोलाचा वाटतो. ऑनर्सच्या वर्गात हा खटला येणारच नाही असं नाही, पण तो अनेकदा एका वाक्यात उरकतो.

परीक्षा कुणाला झेपते

एकूण ३ तास १५ मिनिटं. त्यात ५५ बहुपर्यायी प्रश्न ५५ मिनिटांत, त्यांना ४० टक्के वजन. तीन लघुत्तरी प्रश्न ४० मिनिटांत, २० टक्के. डीबीक्यूला एक तास आणि २५ टक्के. एक दीर्घ निबंध ४० मिनिटांत, १५ टक्के. बेरीज केली तर ६० टक्के लिहून मिळवायचे असतात. बहुपर्यायी प्रश्नही नुसत्या सनावळ्यांचे नसतात. एखादा उतारा, चित्र किंवा नकाशा देऊन त्यावर तीन-चार प्रश्न येतात. २०२५ पासून सगळं संगणकावर टाइप करायचं.

म्हणून "माझं पाठांतर चांगलं आहे" हे ए-पुश घेण्याचं कारण होऊ शकत नाही. आणि "मला तारखा लक्षात राहत नाहीत" हे न घेण्याचंही नाही. आठवड्याला पाठ्यपुस्तकाचं एक जाडजूड प्रकरण वाचायला जमेल का, आणि शिक्षकांनी लाल रेघा मारलेला निबंध पुन्हा लिहायची तयारी आहे का, हे दोन प्रश्न जास्त कामाचे.

निकाल १ ते ५ मध्ये येतो. जुन्या आकड्यांनी घाबरू नका, नव्या आकड्यांनी हुरळूनही जाऊ नका. २०२३ मध्ये निम्म्याहून थोड्या कमी मुलांना ३ किंवा वर मिळाले होते, २०२४ मध्ये हेच प्रमाण सत्तर टक्क्यांच्या पुढे गेलं. एका वर्षात मुलं एवढी हुशार झाली नाहीत. एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेने गुण ठरवायची पद्धत बदलली.

जीपीए आणि क्रेडिटचं गणित

अनेक शाळांत एपीच्या 'ए'ला ४ ऐवजी ५ धरतात, म्हणून एपी घ्यावंच, असं म्हणतात. आपल्या मुलांच्या बाबतीत इथे एक गोष्ट निसटते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशाची पात्रता ठरवताना दहावी-अकरावीच्या जास्तीत जास्त आठ सेमिस्टरनाच हा वाढीव गुण देते. ज्या मुलाने अकरावी संपेपर्यंत वर्षभराचे चार एपी सायन्स-गणितातच केलेत, त्याची आठ सेमिस्टर तिथेच संपली. इतिहासाच्या एपीने त्या आकड्यात भर पडत नाही. अर्ज वाचणारे किती अवघड विषय घेतले हे बघतात, ते वेगळं. पण केवळ त्या एका अंकासाठी मूल रात्री एकपर्यंत जागणार असेल, तर आधी आपल्या राज्यातल्या विद्यापीठाचा नियम वाचा.

क्रेडिटचं, म्हणजे एपीच्या गुणांवर कॉलेजने तो विषय झालेला धरण्याचंही, तसंच आहे. टेक्सस आणि इलिनॉयमध्ये कायद्यानेच सरकारी विद्यापीठांना ३ गुणांवर क्रेडिट द्यावं लागतं. टेक्ससच्या सरकारी विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या मुलालाही अमेरिकन इतिहासाचे सहा क्रेडिट तास पूर्ण करावेच लागतात, त्यामुळे तिथे ए-पुशचा चांगला स्कोअर हा थेट वाचलेला वेळ आणि पैसा असतो. परीक्षेला साधारण १०० डॉलर लागतात, त्या मानाने हा सौदा उत्तम. याउलट काही नावाजलेली खासगी कॉलेजं एपीला क्रेडिटच देत नाहीत. तिथे जायचं स्वप्न असेल तर हा मुद्दा यादीतून काढून टाका.

कम्युनिटी कॉलेजचा तिसरा रस्ता

ड्युएल एन्रोलमेंटमध्ये मूल हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) इतिहासाचा कोर्स करतं, बहुधा १८७७ पर्यंतचा एक आणि त्यानंतरचा एक. मे महिन्यातल्या एका सकाळी सगळं ठरत नाही, सेमिस्टरभराच्या कामावर ग्रेड मिळते. परीक्षेच्या ताणाने कोलमडणाऱ्या मुलाला हे मानवतं. राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत हे क्रेडिट सहसा चालतं, खासगीत विचारून घ्यावं लागतं.

पण ही ग्रेड कायमची असते. एपीच्या परीक्षेत २ आले तर तो स्कोअर कॉलेजला कळवायलाच हवा असं नाही. कम्युनिटी कॉलेजातला 'सी' मात्र कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) राहतो. पुढे मेडिकल स्कूलला अर्ज करताना हायस्कूलमध्ये केलेल्या कॉलेज कोर्सेसची ट्रान्सक्रिप्टही द्यावी लागते. सोळाव्या वर्षी घेतलेला हलका निर्णय बाविसाव्या वर्षी समोर येतो. हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आयबीबद्दल (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, काही शाळांतला आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) थोडक्यात: तिथला इतिहास हा सहसा दोन वर्षांच्या पूर्ण डिप्लोमाचा भाग असतो. तो एकटा विषय म्हणून एपीशी ताडून बघण्यात अर्थ नाही, आधी डिप्लोमा करायचा का हे ठरवा.

मग कुणी काय घ्यावं

ज्या मुलाच्या वेळापत्रकात सगळी गणितं आणि प्रयोगशाळा आहेत आणि वर्षभरात दोन पानांहून मोठं काही लिहायचं नाही, त्याने ए-पुश जरूर घ्यावं असं माझं ठाम मत आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं नाही त्याच्याशी झुंजायची सवय त्याला दुसरीकडे कुठे लागणार? मोठा आज कोड लिहितो, पण वरिष्ठांना चार परिच्छेदांत एखादी गोष्ट पटवून देणं त्याला जमतं, ते याच वर्षात तो शिकला.

धाकटीचं वेगळं होतं. ती आपणहून खूप वाचायची, लिहायचीही. अकरावीत तिच्याकडे आधीच तीन एपी आणि रोजचा दोन तासांचा सराव होता. ऑनर्समध्ये तिला एका विषयावर महिनाभर रेंगाळायला मिळालं, जे ए-पुशच्या धावपळीत शक्य नव्हतं. शाळेच्या काउन्सेलरने "एपी सोडलंत तर वाईट दिसेल" असं सुचवलं होतं. तिच्या झोपेकडे बघून आम्ही ऐकलं नाही, आणि त्याची खंत नाही.

मूल अजून दहावीत असेल तर एपी वर्ल्ड हिस्टरी हा पायरीपायरीने चढायचा मार्ग आहे. त्याची सुरुवात इ. स. १२०० पासून होते आणि परीक्षेचा साचा जवळपास हाच आहे. मुघलांविरुद्धच्या मराठ्यांच्या संघर्षाचं नाव त्या अभ्यासक्रमात उदाहरण म्हणून आहे. शिक्षक ते शिकवतीलच असं नाही, पण निबंधात पुरावा म्हणून मुलाला ते वापरता येतं.

फॉर्मवर सही करण्याआधी एक शनिवार काढा. जुने डीबीक्यू आणि त्यांना मुलांनी लिहिलेली तपासलेली उत्तरं कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मुलाला एक प्रश्न छापून द्या, सातही कागद वाचू द्या, तासाभरात जमेल तेवढं लिहू द्या. गुण बघू नका. "हा तिसरा कागद खोटं बोलतोय" असं काही सांगत ते तुमच्याकडे आलं, तर ए-पुशवर खूण करा.